पाय आधी, गप्पा मग

"पाय आधी, गप्पा मग."

गावाची वेस म्हणजे नुसता शेंदूर फासलेला एक धोंडा असला तरी हा माणूस तिथे थांबायचा. वहाणा काढायचा, खांद्यावरची पिशवी झाडाला अडकवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कळशीभर पाणी मागायचा. पिशवीतून चुन्याची पुरचुंडी निघे. चुना पाण्यात कालवून तो आधी गुडघ्यापर्यंत पाय धुई, मग कोपरापर्यंत हात, मग काठीचं टोक, आणि शेवटी वहाणांचे तळ. सामोरा आलेला पाटील तोवर रामराम घालून दमलेला असे. त्याने काही बोलायला सुरुवात केली की हा मान वर न करता तेच वाक्य टाकायचा. पाय आधी, गप्पा मग.

कल्याण तालुक्यात ज्यांनी उमेदीची वर्षं काढली असतील त्यांना मी कोणाविषयी लिहितो आहे हे एव्हाना कळलं असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी सांगतो. हे आमचे सलोतरी, म्हणजे गुराढोरांचे सरकारी वैद्य. पण औषध देण्यापेक्षा शिकवण्यातच त्यांचा जन्म गेला. आजारी जनावर निरोग्यांपासून वेगळं कसं बांधावं, मेलेलं ढोर ओढ्यात न टाकता खोल का पुरावं, बैलाच्या नाकपुड्या कोरड्या पडल्या की काय समजावं, हे सांगत ते ठाण्याच्या खाडीपासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत पायी हिंडले. असं हिंडण्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली. मी तेव्हा डोंबिवलीच्या मराठी शाळेवर मास्तर होतो. डोंबिवली म्हणजे भाताची खाचरं आणि त्यांच्या कडेला दाटीवाटीने उभी चाळीसेक घरं. गावात चार माणसं बसतील अशी पडवी शाळेचीच. त्यामुळे सलोतरी आले की शाळेला आपोआप सुट्टी व्हायची. मुलांना ते फार आवडत, याचं अर्धं कारण तेच असावं.

ते मूळचे देशावरचे. तरुणपणी पुण्याच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांमागे होते. तिथून त्यांना गुरांच्या कामावर आमच्याकडे धाडलं, आणि आमच्याकडे तर घोडा औषधालाही नाही. मामलेदारांचं एक तट्टू होतं, तेही मामलेदारांपेक्षा म्हातारं. लोक पहिल्या-पहिल्याने म्हणत, घोड्याचा वैद्य आमच्या म्हशीला काय बरं करणार? ते हसून म्हणत, "अहो, छावणीत घोडा मेला तर दुसरा मिळायचा. तुमचा बैल मेला तर दुसरा कुठला? म्हणून इकडे आलो." ते खरं नव्हतं, हुकूम झाला म्हणून आले होते. पण पुढे-पुढे ते त्यांचं त्यांनाच खरं वाटू लागलं, आणि आम्हालाही.

पाय धुण्याच्या या प्रकाराला लोकांनी आपापला अर्थ लावून टाकला होता. ब्राह्मण माणूस, फार सोवळा, कोणाचा विटाळ सोसत नाही. 'सोवळे सलोतरी' हे नाव त्यांना पडलं ते कायमचं. कल्याणच्या आमच्या आळीत तर याचं कौतुकच होतं. माझ्या आईने मला कितीदा तरी सुनावलं असेल, "बघ जरा त्यांच्याकडे. नाहीतर तू! शाळेतून येतोस तो सरळ चुलीपाशी."

या सोवळ्याचा उलगडा कोलशेतकडच्या एका वाडीत झाला. ठाणं ही माझी सासुरवाडी. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलो होतो आणि रिकामा होतो म्हणून कामावर आलेल्या सलोतरींबरोबर निघालो. तिथे पेद्रू नावाचा किरिस्ताव शेतकरी होता, सहा म्हशी बाळगणारा आणि मोठा मानी. सलोतरींनी येताना रिवाजाप्रमाणे पाय धुतले, म्हशी पाहिल्या, एकीला ताप होता तिला वेगळं बांधायला लावलं. निघताना अंगणाच्या कडेला बसून पुन्हा चुना कालवला आणि पुन्हा पाय धुवायला लागले. पेद्रूचं तोंड उतरलं, मग लाल झालं.

"येताना पाय धुतलंस, बरा केलंस," तो म्हणाला. "जाताना कशाला धुतोस? आमचे घरचा काय लागला तुला?"

सलोतरी तसेच ओल्या पायांनी उठले. म्हणाले, "पेद्रूबाबा, तुझ्या म्हशीला ताप आहे. तो माझ्या पायांनी पुढच्या वाडीला जाऊ नये म्हणून धुतो. तुझं घर लागत नाही मला." पेद्रूला ते पटलं नाही. उभ्या जन्मात त्याने पुष्कळ पाय धुतलेले पाहिले होते. तेव्हा या गृहस्थांनी काय करावं? ओटीवर माठ होता तिथे गेले, वर पालथा घातलेला लोटा उचलला, भरला आणि त्या माणसादेखत, माझ्यादेखत, सगळ्या वाडीदेखत घटाघटा पाणी प्यायले.

वाचणाऱ्यांपैकी जे तरुण असतील त्यांना यात विशेष काही वाटणार नाही, पण आमच्या वेळी ही साधी गोष्ट नव्हती. बातमी आमच्या आधी कल्याणला पोचली. आळीत खल झाला. प्रायश्चित्त घ्या म्हणून दोन वडीलधारी मंडळी घरी जाऊन आली. सलोतरींनी त्यांना बसवलं, पानसुपारी दिली आणि म्हणाले, "घेतो की. पण मला पुन्हा महिन्याभराने तिकडे जायचं आहे आणि तहान मला फार लागते. दर खेपेला घ्यायचं की वर्षाचं एकदम घेऊन टाकू?" मंडळी उठून गेली. याची झळ लागली ती वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला. पुढे वर्षभर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आळीतली एक बाई फिरकली नाही. त्याविषयी त्या माउलीने नवऱ्याला कधी एका शब्दाने विचारलं नाही, असं माझी पत्नी सांगे. पेद्रूने मात्र तेव्हापासून आपल्या अंगणाच्या तोंडाशी चुन्याची हंडी भरून ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो दम भरू लागला, "पाय धू आधी, मग बोल."

त्यांची शिकवण्याची रीत मी मास्तर असून मला कधी साधली नाही. आमच्या शाळेच्या पडवीत पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. बुळकांडीविषयी बोलायचं होतं. बुळकांडी म्हणजे गुरांची पटकी, तोंडाने लाळ, मागून ढाळ, आणि आठवड्याच्या आत दावण रिकामी. सरकारातून छापील कागद आला होता, तो मी वाचून दाखवायचा असं ठरलं होतं. सलोतरी आले ते आज भलतेच गोडीत. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून चौकशी, पाटलाची काठी हातात घेऊन तिची तारीफ, तबकातलं पान उचलून दुसऱ्याच्या हातात, माझ्या तर पाठीवर दोनदा शाबासकी. मी कागद वाचला. लोकांनी नेहमीप्रमाणे जांभया दिल्या. कागद संपल्यावर सलोतरी म्हणाले, "आता जरा एकमेकांकडे पाहा."

त्यांनी तळहाताला आधीच गेरू चोळून ठेवला होता. पाटलाच्या काठीला गेरू, पानाला गेरू, म्हणून दोघांच्या ओठांना गेरू, कोणाच्या मुंडाशाला, कोणाच्या कानाला. माझ्या नव्या कोऱ्या उपरण्यावर पाठीमागे दोन तांबडे पंजे उमटले होते आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसत होते. पडवीत हशा उसळला. "मी तुमच्यापैकी कोणाला मारलं का?" सलोतरी विचारत होते. "मायेनेच हात लावला ना? बुळकांडी अशीच येते बाबांनो, ओळखीच्या माणसाच्या हाताने. म्हणून जनावर आजारी पडलं तर लपवू नका. लाजायचं काय त्यात? लपवलंत की सगळ्यांना लागलं." लोक हसत-हसत घरी गेले. पण तो गेरू त्यांच्या ध्यानात राहिला तो कायमचा, आणि माझ्या उपरण्यातूनही तो कधी पुरता गेला नाही. त्या हशात ते स्वतः हसत नव्हते, हे मला तेव्हा जाणवलं. सगळे गेल्यावर ते बराच वेळ हात धूत बसले होते. गेरू गेला तरी धूत होते.

वरचे साहेबलोक त्यांच्यावर खूश नसत. एकदा दिवाळीच्या तोंडावर खाडीपलीकडे रोग होता. पाडव्याला आमच्याकडे गावची सगळी गुरं एका जागी जमवून पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. त्या साली हे बंद करा असा हुकूम आला. हुकूम घेऊन हे गेले आणि गावकऱ्यांना म्हणाले, "विस्तव बंद करायचा नाही. फक्त ज्याने-त्याने आपल्या अंगणात आपला विस्तव करायचा. देवाला धूर दिसला म्हणजे झालं." त्या साली आमच्या गावात एका विस्तवाच्या ठिकाणी चाळीस पेटले आणि एक जनावर दगावलं नाही. हुकूम मोडला म्हणून त्यांना खुलासा द्यावा लागला. तो खुलासा मीच लिहून दिला होता, म्हणून मला ठाऊक.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो. इतका वेळ टाळतच होतो.

डोंबिवलीहून शिळेकडे जाताना वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. सरळ वाट त्या गावातून जाते. सलोतरी त्या गावाच्या अलीकडे, पिंपळासारख्या पानांचं जुनं भेंडीचं झाड आहे तिथे, वळून बांधाबांधाने मोठा फेरा घेत. दीड कोसाचा तरी फेरा असेल. चिखल असो, ऊन असो, त्यात फरक नाही. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर चाललो आणि दर वेळी म्हटलं, "अहो, वाट ही सरळ आहे." ते म्हणत, "तुमची ती. माझी ही." त्या गावाला काही कळवायचं झालं तर शेजारच्या पाटलाकडून निरोप धाडत. आणि त्या गावातूनही त्यांना कधी बोलावणं येत नसे. माझी समजूत अशी की पूर्वी काही भांडण झालं असेल.

एके वर्षी चैत्रात भर दुपारी त्याच झाडाखाली आम्ही टेकलो होतो. मी पुन्हा विचारलं. ते झाडाकडे बघत बोलू लागले.

"मास्तर, ते गाव मी मारलं."

झालं होतं ते असं. ते या तालुक्यात नवीन होते. खाडीकाठच्या एका गावात बुळकांडी लागली. हे सकाळी तिथे पोचले, आजारी गुरांच्या तोंडात हात घालून हिरड्या पाहिल्या, शेणात उभे राहिले. पुढच्या गावाला लवकर सावध करावं म्हणून तडक निघाले. जेवले नाहीत, वाटेत कुठे थांबले नाहीत. या गावात आले आणि घरोघर जाऊन शिकवू लागले. शिकवायचं कसं? तर प्रत्येक दावणीतल्या बैलाचं तोंड उघडायचं, हिरडीवर बोट फिरवायचं आणि धन्याला दाखवायचं, की बाबा रे, इथे फोड आला की समज. तेरा अंगणं त्यांनी अशी केली. त्याच हातांनी आणि त्याच पायांनी.

"आठव्या दिवशी पहिला बैल बसला," ते म्हणाले. "महिन्याभरात गावात शिंगाचं जनावर उरलं नाही. त्या साली लोकांनी स्वतः जू खांद्यावर घेऊन चिखलणी केली. मी लांबून पाहिलं. कागदावर आम्ही लिहिलं, रोग आला. कोणी आणला ते कागदाने विचारलं नाही. पण त्यांना कळलंच असेल. म्हणून बोलावत नाहीत. आणि मी तरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी मास्तर. कोणी चुकलं की लगेच दुरुस्त करायची मला खोड. पण त्या दिवशी मी नुसती त्यांची पिशवी झाडावरून काढून त्यांच्या हातात दिली. ते उठले, धोतर झटकलं आणि आपल्या फेऱ्याच्या वाटेला लागले. मीही मागून गेलो. त्यानंतर त्यांच्याबरोबर असताना मी कधी सरळ वाट धरली नाही.

पुढे माझी कल्याणला बदली झाली. आणखी काही वर्षांनी, एका फाल्गुनात, त्यांना पेन्शनीचा हुकूम आला. त्यांच्या जागी परळच्या नव्या कॉलेजात शिकलेला तरुण डॉक्टर आला, बूट घालणारा. माणूस चांगला होता, यांना वाकून नमस्कार केला त्याने. यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं, "बूट धुता का हो?"

मामलेदार बदलून गेला तरी कल्याणात पानसुपारी होते, हारतुरे होतात, कोणीतरी कविता म्हणतं. बदलून गेलेल्या त्या मामलेदारांची नावंही आता कोणाला आठवणार नाहीत. तीस वर्षं पायी हिंडलेल्या या माणसाला मात्र निरोप देण्याचं कोणाच्या मनात येईना. मला राग आला. आम्ही चार मास्तरांनी मिळून शाळेतच समारंभ करायचा असं ठरवलं. पेद्रूला निरोप गेला, डोंबिवलीच्या पाटलाला गेला. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा ते पडवीत वहाणेचा तुटलेला अंगठा शिवत बसले होते.

"नको हो," ते म्हणाले. मग सुई खाली ठेवून म्हणाले, "त्या गावचं एखादं माणूस येणार असेल तर करा. एकच आलं तरी चालेल. नाहीतर नको."

मी त्या गावाला गेलो. धुळवड नुकतीच होऊन गेली होती. पहिल्याच घरात हिराबाय नावाची म्हातारी भात पाखडत बसली होती. त्या वर्षीच्या मरीतली तीच एक जाणती बाई आता उरली होती. मी ओळख सांगितली आणि सलोतरींचं नाव काढलं, तसं तिच्या हातातलं सूप थांबलं. मी सरळच विचारलं, त्यांच्यावर तुमचा राग आहे का?

"राग?" ती म्हणाली. "आमी त्यांच्यावर कशाला रागवू? आमालाच तोंड नाय दाखवाया."

मग तिने अंगणात इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं. त्या साली तिच्या नवऱ्याने मुरबाडच्या बाजारातून एक बैल आणला होता. चौथ्या दिवशी त्या बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली. आणि त्याच दिवशी दुपारी हे नवे सलोतरी गावात आले. आजारी बैल दिसला तर सरकारी माणूस तो गोळी घालून मारील, अशी तेव्हा अफवा होती. नवऱ्याने बैल मागच्या पेंढ्याच्या खोपीत बांधला आणि तिला खोपीच्या तोंडाशी बसवलं.

"ते मागं आलं व्हतं बघाया," हिराबाय म्हणाली. "आमच्या मानसान सांगितलं, आत बालंतीन हाय. तसं ते खाली मान घालून मागं फिरलं. भला मानूस. खोपीन बैल उभा व्हता, मास्तर. त्यांच्या आदीच रोग आमचे घरान आयला व्हता."

मी उठून उभा राहिलो. मला तिथूनच पळत कल्याणला यायचं होतं. पण तिने माझ्या उपरण्याचं टोक धरलं. तिच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, चार घरं पलीकडे, गावातच. सोयऱ्यांच्या घरची त्या मरीत सात जनावरं गेली होती. त्यांना हे कळलं तर लग्न मोडेल आणि गाव तिच्या मुलाला वाळीत टाकील. नवरा तर कधीच गेला होता. "येवढं लगीन होऊ द्या," ती म्हणाली. "मग मी सोता येन, त्यांच्या पायावर डोई ठेवीन. तवर कुनाला बोलू नका. तुमच्या पाटीपुस्तकाची आन घ्या."

आणि मी घेतली. वैशाख काय, दीड महिन्यावर होता. इतकी वर्षं गेली, आणखी दीड महिन्याने काय होणार, असा हिशेब मी केला. जन्मभर मुलांचे हिशेब तपासले, आणि स्वतःचा हा असा चुकला.

गुढीपाडव्यानंतर त्यांना ताप आला. आधी वाटलं उन्हाचा असेल. मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला ते फार थकलेले दिसले. वहिनी त्यांच्या तळपायांना कोकमतेल चोळत होत्या. वर्षानुवर्षं चुन्याने त्यांच्या टाचा खडीसारख्या फुटल्या होत्या. मला पाहून ते म्हणाले, "काय मास्तर, त्या गावचं कोणी येणार आहे का?"

"येणार आहेत," मी म्हटलं. "गावात लग्न आहे. ते झालं की येतो म्हणालेत."

त्यांचे डोळे एकदम जागे झाले. "रागावलेले नाहीत?"

"नाहीत."

"मग बोलावलं का नाही इतकी वर्षं?"

इथे मी गप्प बसलो. वाचकहो, तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतं ते मला कधीतरी सांगा. वहिनी तेल चोळत होत्या, बाहेर चिमण्या ओरडत होत्या, आणि मला सांगता येण्यासारखं एकच वाक्य होतं, ते मी शपथेखाली ठेवलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, एखादा मुलगा पाठ न करता आला की माझ्या तोंडावर येतं तसं.

"मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "बरं केलंत पण. बरं वाटावं म्हणून बोललात." आणि त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी खरं बोललो होतो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचित बोललो असेन. वाटेत ठरवलं, उद्या सकाळी येऊन सगळं सांगायचं, शपथ गेली खड्ड्यात. सकाळी त्यांच्या दाराशी माणसं उभी होती.

शेवटच्या वाटेला पेद्रू ठाण्याहून आला होता. डोंबिवलीचे लोक होते, मुरबाडकडचे कातकरी होते. मी इतकी माणसं बोलावली नव्हती, त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. पानसुपारीसाठी आणलेलं गुलाबपाणी शाळेच्या कपाटात तसंच राहिलं.

तेरावा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. दुपारी मी वहिनींकडे कागदपत्रं लावून द्यायला गेलो होतो. अंगणात हिराबाय आली, बरोबर तिचा मुलगा. लग्न पार पडलं होतं. मुलाच्या हाताला अजून हळदीचा पिवळा डाग होता. कल्याणात शिरल्यावर त्यांना बातमी कळली होती. म्हातारी अंगणाच्या तोंडाशी थांबली. तिथे धोंड्यापाशी चुन्याची हंडी होती. वहिनींनी ती अजून रोज पाणी घालून भरून ठेवायची सवय मोडली नव्हती. म्हातारी धोंड्यावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय धुवायला लागली.

"अहो, या तशाच," वहिनी दारातून म्हणाल्या. "आता इथे कुठली गुरं, बाई?"

"नाय," ती म्हणाली. "त्यांनी सांगून धाडलं व्हतं. पाय आदी."

पाय धुऊन झाल्यावर ती वर आली नाही. अंगणातच उभी राहिली आणि मुलादेखत, आमच्यादेखत, रिकाम्या पडवीकडे बघत मोठ्याने म्हणाली, "सलोतरीबाबा, आमच्या खोपीन बालंतीन नव्हती. खोपीन आजारी बैल व्हता. तुमी काय बी आनलं नव्हतं." मुलाला हे ठाऊक नसावं. तो आईच्या तोंडाकडे पाहतच राहिला.

वहिनींना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, काय म्हणताहेत या?"

मग मी सांगितलं. भेंडीच्या झाडापासून खोपीपर्यंत सगळं सांगितलं, मला ते कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. मला वाटलं त्या मला घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्या उंबऱ्यावर बसल्या, बराच वेळ हातातला पदर गुंडाळत राहिल्या.

"दीड कोसाचा फेरा होता हो तो," त्या म्हणाल्या. "जाताना दीड, येताना दीड. तेवढा तरी वाचला असता त्यांचा."

हिराबाय उन्हात तशीच उभी होती. धोंड्यापासून तिच्यापर्यंत चुन्याच्या ओल्या पावलांची एक ओळ उमटली होती, आणि ऊन इतकं होतं की वहिनी उठून तिला हाताला धरून आत आणीपर्यंत त्यातली पहिली पावलं वाळून पांढरी झाली होती.